आठवा प्रश्न

भूमच्या आसपास बालाघाटाच्या उतारावर ज्या वाड्या-वस्त्या आहेत, तिथं पहाटे चुलीच्या आधी खव्याच्या भट्ट्या पेटतात. जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा, म्हणून घर दुधावर चालतं. दूध नासतं, खवा टिकतो. चार-पाच लिटर दूध आटवलं की किलोभर खवा उतरतो, आणि तेवढा वेळ कढईपुढून हलता येत नाही, नाहीतर बूड लागतं. कुंथलगिरीच्या जैन सिद्धक्षेत्राला आलेले यात्रेकरू जाताना इथले पेढे बांधून नेतात. २०२४ मध्ये कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

अशाच एका भट्टीवाल्या घरात दोन बहिणी होत्या, थोरली आणि धाकटी.

धाकटी नववीत होती. हिशेबाला पक्की. रविवारी भूमच्या दुकानात ती आण्णांशेजारी बसायची आणि सव्वा किलोचे, पाऊण किलोचे पैसे गिऱ्हाइकाच्या आधी सांगायची. आण्णा तिला ‘माझा मुनीम’ म्हणायचे.

दिवाळीनंतर तिच्या उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका दिसला. आईला वाटलं, भट्टीची राख उडाली असेल. तिनं पदरानं पुसला. तो गेला नाही. संक्रांतीपर्यंत ओठाच्या कडेला आणि दोन बोटांच्या टोकांना तसाच रंग उतरला.

घरात कुणी मोठ्यानं काही बोललं नाही. ‘कोड’ हा शब्द आईनं एकदाच उच्चारला, मावशीशी फोनवर, भिंतीकडं तोंड करून. धाकटीनं तो ऐकला.

मग जे जे करता येईल ते सुरू झालं. ते सगळं मायेपोटी झालं, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण या गोष्टीत वाईट माणूस कुणी नाही.

मावशीनं सांगितलं, पांढरं खाणं बंद करा. ज्या घरात रोज शेकडो लिटर दूध उकळत होतं, तिथल्या पोरीच्या ताटाजवळून दुधाची वाटी उचलली गेली. दही गेलं, ताक गेलं. शेजारीण म्हणाली, मासे खाऊन वर दूध प्यायलं की कोड फुटतं. घर माळकरी. मासा त्या उंबऱ्याच्या आत कधी आला नव्हता. तरी आई रात्र रात्र आठवत राहिली, की पोरीनं कुणाच्या डब्यातलं काही खाल्लं असेल का. कुणीतरी बिब्बा सांगितला. बिब्ब्यानं कातडी भाजते हे इकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. तरी लावला. बोटांवर फोड आले, फुटले, आणि खालून कातडी आधीपेक्षा जास्त पांढरी निघाली.

एका रविवारी ती दुकानात जायला निघाली तेव्हा आण्णा म्हणाले, “आता अभ्यासाचं बघ. दुकानात कशाला वेळ घालवतीस?” थोरली दहावीत असताना दर रविवारी दुकानात बसली होती. धाकटीला ते आठवलं. ती काही बोलली नाही.

शाळेत तिला कुणी चिडवलं नाही. चिडवायची वेळच तिनं येऊ दिली नाही. शेवटचा बाक धरला. स्कार्फ आणि पूर्ण बाह्या, फाल्गुनाच्या उन्हातसुद्धा. उत्तर येत असलं तरी हात वर करायचा नाही, कारण हात वर केला की सगळ्यात आधी बोटांची टोकं दिसतात. गणिताच्या सरांना वाटलं, पोरगी मागं पडायली. स्नेहसंमेलनात वर्गाचा फोटो काढायच्या दिवशी तिचं पोट दुखलं. मैत्रिणी घरी आल्या की आई दारातच सांगायची, “झोपलीय गं ती.” दोन-तीनदा असं झाल्यावर त्यांचं येणं थांबलं.

वैशाखात करमाळ्याकडचे पाहुणे थोरलीला बघायला येणार होते. आदल्या दिवशी आई धाकटीला म्हणाली, “बार्शीला आत्याकडं जाऊन ये दोन दिवस. तेवढाच तुला बदल.” धाकटीनं पिशवी भरली. कशाला, म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर आईला खोटं बोलावं लागलं असतं, हे तिला त्या वयात कळत होतं. मुलं असं आपल्याला सांभाळून घेतात आणि आपल्या ते गावीही नसतं.

पाहुण्यांचा होकार आला नाही. कारण अगदी वेगळं होतं. मुलाला पुण्यात नोकरी करणारी बायको हवी होती. ते कारण धाकटीला कुणी सांगितलं नाही. तिनं आपलं कारण आपणच शोधलं.

त्यानंतर ती ताटावर बसायची आणि दोन घास खाऊन उठायची. रात्री आजीशेजारी टक्क जागी असायची. एका रात्री वर पत्र्याकडं बघत म्हणाली, “आजी, मी नसते तर ताईचं जमलं असतं ना?”

असं बोलणं कानावर पडलं तर ‘काहीतरीच बोलतीस’ म्हणून कूस बदलू नये. लेकरू असं बोलतं तेव्हा ते पुष्कळ दिवस मनात घोळवून बोललेलं असतं. जवळ बसावं, विचारावं, ऐकावं, एकटं सोडू नये, डॉक्टरांना दाखवावं. मध्यरात्री काय करावं सुचत नसेल तर सरकारची ‘टेली मानस’ नावाची सेवा आहे; १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येतं, मराठीतही.

आजीला तो क्रमांक माहीत नव्हता, पण ती उठून बसली. दिवा लावला.

“डागाला दुखतंय का तुझ्या?”

“नाही.”

“खाजतंय?”

“नाही.”

“मग कशानं झुरायलीस?”

धाकटी रडायला लागली. आजीनं तिला पहाटेपर्यंत जवळ घेतलं, आणि उजाडायच्या आत भट्टीवर जाऊन उभी राहिली.

“आज कढई चढवू नकोस,” ती लेकाला म्हणाली.

“आई, दूध आलंय सगळं.”

“डेअरीला घाल. आपण पोरीला घेऊन सोलापूरला चाललोय.”

सोलापूरच्या सिव्हिलमध्ये त्वचा विभागात डॉक्टर मॅडमनी आधी डाग नीट बघितले. खोलीत अंधार करून निळसर उजेडाचा दिवा धरला, त्यात डाग लख्ख दिसले. मग धाकटीला डोळे मिटायला सांगून कापसानं बोटांना स्पर्श केला. “कळतंय?” “कळतंय.” मॅडम आण्णांकडं वळल्या, कारण घरच्यांच्या मनात काय असतं ते त्यांना ठाऊक होतं. “हा कुष्ठरोग नाही. आणि समजा तो असता, तरी आज तो औषधानं पूर्ण बरा होतो, सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं. त्याचीही लाज धरायचं कारण नाही.”

मग त्यांनी सांगितलं की कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. रोगजंतूंशी लढायला शरीरात जी शक्ती असते, ती चुकून आपल्याच या पेशींवर उठते आणि तेवढ्या जागेचा रंग जातो. दुधानं होत नाही, माशानं होत नाही, शिवल्यानं लागत नाही, कुणाच्या पापानं येत नाही. शंभरात एखाद-दोघांना असतं, आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांना ते विशीच्या आत सुरू होतं. कधी कधी याच्या जोडीनं थायरॉइडचा त्रास असतो, म्हणून रक्त तपासायला लिहून दिलं. बिब्ब्याचं ऐकून त्यांनी मान हलवली. कोड असलेल्या माणसाला जिथं भाजतं, खरचटतं, तिथं नवा डाग उठू शकतो. बोटांवर नेमकं तेच झालं होतं.

आण्णांनी विचारलं, “हिच्या लग्नापर्यंत जाईल ना सगळं?”

मॅडमनी त्याचं उत्तर दिलं नाही. ड्रॉवरमधून एक कागद काढला.

त्या कागदावर दहा प्रश्न होते. इंग्लंडच्या शेजारी वेल्समध्ये कार्डिफ नावाचं शहर आहे. तिथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९९४ मध्ये मोठ्या माणसांसाठी आणि १९९५ मध्ये मुलांसाठी अशी प्रश्नावली तयार केली. डाग केवढा आहे ते मोजून माणूस किती सोसतोय ते समजत नाही. नखाएवढ्या डागानं एखादं पोर घर सोडत नाही, आणि अंगभर डाग असलेलं दुसरं पोर नदीवर पोहायला जातं. म्हणून हे प्रश्न डागाचं विचारत नाहीत, मागचा आठवडा कसा गेला ते विचारतात. ‘अजिबात नाही’ म्हटलं तर शून्य, ‘खूपच’ म्हटलं तर तीन. दहांची मिळून जास्तीत जास्त बेरीज तीस. कोड असो, मुरुम असोत, सोरायसिस असो की इसब, कागद तोच.

“उत्तरं तिला देऊ द्या,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही दोघं नुसतं ऐका.”

पहिला प्रश्न खाज, आग, दुखणं यांचा. धाकटी म्हणाली, अजिबात नाही. शून्य.

दुसरा, लाज वाटली का, वाईट वाटलं का. तीन.

तिसरा, मैत्रिणींशी असलेल्या संबंधावर परिणाम झाला का. “मैत्रिणी येतच नाहीत आता.” तीन.

चौथा, डागामुळं कपडे बदलून घातले का. सोलापूरचा वैशाख, आणि पोरगी पूर्ण बाह्यांत, गळ्यापर्यंत स्कार्फ. मॅडमनी न विचारताच तीन लिहिलं.

पाचवा, बाहेर जाणं, खेळणं, आवडीचं काही करणं. “दुकानात जायचे,” एवढंच ती म्हणाली. तीन. आण्णांनी पाय जवळ ओढून घेतले.

सहावा खेळाचा आणि पोहण्याचा. दोन. सातवा शाळेचा, आणि सुट्टी चालू असली तर सुट्टी कशी गेली त्याचा. “बार्शीला गेले होते.” “मजा आली?” धाकटी गप्प. दोन.

“आठवा,” मॅडम म्हणाल्या. “लोकांनी नावं ठेवली? चिडवलं? सारखं विचारलं? टाळलं?”

“चिडवलं नाही कुणी.”

मॅडमनी पेन शून्यावर नेलं. तिथंच थांबवलं.

“आणि टाळलं?”

धाकटीनं आण्णांकडं बघितलं. लगेच नजर खाली घेतली.

“शाळेत नाही,” ती म्हणाली.

मॅडमनी शून्यावरचं पेन उचललं आणि तीन लिहिलं.

नववा झोपेचा, दोन. दहावा, उपचारांचा त्रास झाला का. तिथं मात्र पोरगी घडाघडा बोलली. दूध बंद, दही बंद, बिब्बा, फोड, मावशीचा रोजचा फोन, आणि जो येईल त्यानं हनुवटी धरून तोंड उजेडाकडं फिरवणं. तीन.

बेरीज चोवीस. एकोणीस आणि त्याच्या वर गेलं की त्रास सगळ्यात मोठ्या गटातला धरतात.

“मी मलम देते,” मॅडम म्हणाल्या. “प्रकाशाचा उपचार असतो, पण त्याला आठवड्यातून दोन-तीनदा यावं लागतं. भूमहून शंभरेक किलोमीटर, ते तुम्हाला जमायचं नाही. मलमानं चेहऱ्यावरचा रंग हळूहळू परत येईल असं वाटतं. महिने लागतील. बोटांच्या टोकांचा भरवसा देत नाही, तिथं औषध कमी लागू पडतं. हिला मनाच्या डॉक्टरांनाही आजच दाखवून जा, ते याच इमारतीत बसतात. पण या कागदावरचे चोवीस आहेत ना, त्यातले बरेचसे तुमच्या घरातले आहेत. ते मला मलमानं काढता येत नाहीत.”

आजी म्हणाली, “आम्ही काढू.”

निघताना मॅडमनी धाकटीला डॉ. माया तुळपुळे यांचं सांगितलं. त्या स्वतः डॉक्टर, त्यांना स्वतःला कोड, आणि त्यांनी २००१ मध्ये पुण्यात श्वेता असोसिएशन सुरू केली. कोड असलेली माणसं तिथं एकमेकांना भेटतात, बोलतात, लग्नंही जमवतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ हा २००६ चा चित्रपट कोड असलेल्या तरुण डॉक्टरवरच आहे. “म्हणजे डॉक्टर होता येतं?” धाकटीनं विचारलं. दिवसभरात तिनं आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न.

बार्शीपर्यंत आण्णा एक शब्द बोलले नाहीत. बार्शीच्या स्टँडवर उतरून त्यांनी तीन चहा आणले, दुधाचे. एक धाकटीपुढं धरला.

“मला बंद आहे ना?”

“बंद करायलाच नको होतं,” आण्णा म्हणाले. मग थोड्या वेळानं, तिच्याकडं न बघता, “डाग झाकायचा म्हणून आम्ही तुलाच झाकून ठेवलं, बाळा. माझं चुकलं.”

बापानं पोरीपुढं असं म्हणणं ही साधी गोष्ट नाही, पण एवढ्यानं सगळं मिटत नाही. महिना-दीड महिना धाकटी तशीच होती. पहिल्या रविवारी दुकानात आली ती साखरेच्या पोत्यांआड बसली. दुसऱ्या रविवारी आली नाही. आण्णांनी ओढून आणली नाही, फक्त तिचं स्टूल काट्याशेजारी मांडून ठेवायला लागले. श्रावणात ती स्टुलावर येऊन बसली.

एका गिऱ्हाइकानं तिच्या हातून खोका घेतला नाही. “तुम्ही भरून द्या की आण्णा.” आण्णा म्हणाले, “इथं पेढे हीच भरते.” गिऱ्हाईक निघून गेलं. असं नंतरही झालं. दोन-चार गिऱ्हाइकं कायमची तुटली, आणि धंदेवाल्याला त्याचं दुःख होतंच. आण्णांनी ते घरी बोलून दाखवलं नाही.

सगळ्यात अवघड आईला गेलं. तिनं इतके महिने जे केलं ते पोरीसाठीच केलं होतं, आता तेच चुकलं म्हणणं तिला सोसेना. त्यात थोरलीनं अट घातली. पुढचे पाहुणे येतील तेव्हा पोहे घेऊन धाकटीच बाहेर जाईल. आई म्हणाली, “तुझ्या पायावर धोंडा पाडून घेतीस.” दोन दिवस ती थोरलीशी बोलली नाही. थोरली हटली नाही. एक घर पोह्यांना हात न लावता उठलं. “आजच कळलं ते बरं झालं,” थोरली म्हणाली आणि ताटल्या आत नेल्या. नंतर कळंबकडचं एक घर आलं. मुलाच्या आईनं ताटली हातात घेत धाकटीला विचारलं, “औषध चालू आहे का गं?” “आहे.” “बरं.” आणि त्या शेतीचं बोलायला लागल्या. माघात तिथंच लग्न झालं. घरच्या फोटोत धाकटी बहिणीला चिकटून उभी आहे, बिनस्कार्फची. शाळेत हात वर करायला मात्र तिला दिवाळी उजाडली, आणि पहिल्यांदा केला तो डावा.

दहावीची परीक्षा झाल्यावर मॅडमनी पुन्हा तो कागद काढला. डोळ्याजवळचा डाग भरून आला होता, ओठाकडेचा बराचसा. बोटांची टोकं होती तशीच पांढरी होती. या खेपेला आईही आली होती. बेरीज सहा झाली. त्यातले दोन दहाव्या प्रश्नाचे. “आई अजून दही देत नाही,” धाकटी म्हणाली. आई मॅडमकडं बघून म्हणाली, “देईन.”

धाकटीनं त्या कागदाची एक कोरी प्रत मागून घेतली.

त्यांच्या शेजारी एक पोरगा होता, अकरावीतला. पोलीस भरतीसाठी पळायचा. वर्षभरात त्याचा चेहरा मुरुमांनी भरला. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यानं मेडिकलमधून गोरं करायचं क्रीम आणलं. त्यात स्टेरॉइड होतं. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं, हे त्याला कुणी सांगितलं नाही. पहिले काही आठवडे चेहरा तुकतुकीत झाला. मग लावायचं राहिलं की लाल व्हायचा, आग व्हायची, म्हणून पुन्हा लावायचं. बरोबरीची पोरं उजाडताना पळायला निघत, तेव्हा हा परत येऊन घरात शिरलेला असे. त्याच्या आईला वाटायचं, किती मेहनत घेतोय.

धाकटी कागद घेऊन त्याच्याकडं गेली.

“मला काय झालंय? नुसत्या पुटकुळ्या आहेत,” तो म्हणाला.

“मग सगळीकडं शून्य लिही. दोन मिनिटांचं काम.”

त्यानं पेन घेतलं. पहिल्याच प्रश्नाला त्याला शून्य लिहिता आलं नाही. तिसऱ्याला तो थांबला. पाचव्यानंतर पेन धाकटीच्या हातात देऊन म्हणाला, “तूच लिही, मी सांगतो.” तिनं लिहिलं. बेरीज एकोणीस झाली. तिनं ती पुन्हा करून बघितली.

“मंगळवारी खव्याची गाडी सोलापूरला जातीय, आण्णा आहेत बरोबर. पहाटे पाचला. क्रीमची ट्यूब घेऊन ये, मॅडमना दाखवावी लागेल.”

त्याची आई दारातून म्हणाली, “अगं, पुटकुळ्यांसाठी कुणी सोलापूरला जातं का?”

“काकू, तुम्ही पण चला,” धाकटी म्हणाली. “आठवा प्रश्न घरच्यांसमोर विचारतात.”